लविनाची राहिलेली पीएचडी

लविनाची पीएचडी का राहिली याच्या तिच्या गास गावात निदान चार कहाण्या फिरतात. एकीत ती नापास झाली. दुसरीत तिचं तिच्या गाईड मॅडमशी वाजलं. तिसरीत तिनं गावाचं रक्त म्हणे परदेशी कंपनीला विकलं. चौथी मी तोंडाने बोलणार नाही, इतकी घाण आहे. मी मनोरमा. नालासोपारा पश्चिमेला माझं रक्त-लघवीचं कलेक्शन सेंटर आहे, आणि लविनानं गोळा केलेल्या रक्तापैकी अर्ध्याअधिक लोकांच्या दंडाला पट्टा मी स्वतः बांधलाय. तेव्हा खरं काय ते मी सांगते. ज्याला पटायचं नाही त्यानं खुशाल दुसऱ्या लॅबमध्ये जावं.

आधी तिची आई मला माहीत होती. ग्रेसीबाई. सकाळी माझं शटर वर जायच्या आत माझ्या पायरीजवळ त्यांची टोपली लागलेली असायची. वाडीतला दुधी, अळू, केळी, उन्हाळ्यात मोगऱ्याच्या पुड्या. लविनाचे पप्पा फ्रान्सिस वाडी बघायचे आणि ह्या बाजार बघायच्या. बाई कमी बोलायच्या. माझ्या दारात लहान पोर सुईला घाबरून किंचाळलं की मात्र टोपली सोडून आत यायच्या आणि त्याचा हात धरून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, काय चोंबडेपणा हा! एकदा मी फटकारलंही. तेव्हा शेजारच्या दुकानदारानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मनोरमाताई, त्यांना काही बोलू नका. त्यांचा प्लासिड गेला ना असाच, सुया खाऊन खाऊन."

प्लासिड म्हणजे लविनाचा धाकटा भाऊ. थॅलेसेमिया होता त्याला. अंगात रक्तच नीट तयार होत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातलं लोह साठून साठून शेवटी काळीज निकामी होतं. तेरा वर्षांचा होऊन गेला. आई-बाप दोघंही धडधाकट, कधी सर्दी नाही. दोघांच्या रक्तात अर्धा-अर्धा दोष होता, पोराच्या वाट्याला दोन्ही अर्धे आले. अशा अर्ध्या दोषाच्या माणसाला वाहक म्हणतात. त्याला स्वतःला आयुष्यभर काही होत नाही, म्हणून पत्ताही लागत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर बाळंतपणाला चारात एक धोका. बास, एवढंच आहे ते. मला हे लविनानं शिकवलं, आणि एवढं एकच वाक्य आपल्या गावाला घरोघर कळावं म्हणून ती पोरगी पीएचडीला बसली.

पीएचडी म्हणजे जाडजूड पुस्तक लिहायचं आणि नावापुढे डॉक्टर लावायचं, असं मला वाटायचं. कसलं काय! आधी प्रवेश परीक्षा. मग कोर्सवर्क, म्हणजे पुन्हा वर्गात बसून पुन्हा पेपर. मग विषय मंजूर करून घ्यायचा. माणसाचं रक्त घ्यायचं तर नीतिमत्ता समितीची वेगळी परवानगी. दर सहा महिन्यांनी चार जाणत्यांपुढे उभं राहून काय काम केलं ते दाखवायचं आणि त्यांची तिरकी बोलणी ऐकायची. एक तरी शोधनिबंध नावाजलेल्या नियतकालिकात छापून आणायचा. तो पाठवला की वर्षभर उत्तर नाही, आणि उत्तर आलं की "अजून नमुने घ्या." मग सारांश, मग प्रबंध, कुठून चोरलंय का त्याची मशीनवर तपासणी, मग बाहेरगावचे दोन परीक्षक, आणि शेवटी तोंडी. सगळ्याला मुदत. बाईमाणसाला दोन वर्षं वाढीव देतात, तीही लविनाची संपत आली होती. तिच्याबरोबरच्या मुलींची पोरं शाळेत जायला लागली. "अगं, लोक घर बांधून, भाड्यानं देऊन मोकळे होतात एवढ्यात," मी तिला चिडवायचे. ती हसून म्हणायची, "ताई, माझा पायाच अजून ओला आहे."

पण मी पुढे गेले. रक्त गोळा करण्याचं आधी सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलंय.

गास, भुईगाव आणि आसपासच्या वाड्यांमधल्या ख्रिस्ती घरांतून तिला तीनशे जणांचं रक्त हवं होतं. एका रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये माणसं जमली. मलाही तिनं नेलं होतं, सुई टोचणारी बाई लोकांनी आधी बघून घ्यावी म्हणून. लविना उभी राहून सांगत होती, तेवढ्यात मागून एक म्हातारबाबा उठले. "पोरी, तू शिकलीस, चांगलं केलंस. पन उद्या अमक्याच्या मुलीचं रक्त खराब असं गावभर झालं तर तिला कोन नेनार?" सगळ्या माना लविनाकडे वळल्या. लविनानं मनाशी काही जुळवलं आणि म्हणाली, "बाबा, कुणाच्या रक्तात काय निघालं ते माझ्या तोंडून बाहेर येणार नाही. माझ्या मम्मीलाही कळणार नाही. ज्याला स्वतःचं जाणून घ्यायचं असेल त्यानं स्वतः लिहून मागायचं, त्याचं त्यालाच सांगेन." मुंबईच्या समितीनंही तोच नियम घातला होता. बाटलीवर नाव नाही, नुसता नंबर. कुठला नंबर कोणाचा हे ती आणि तिच्या मॅडम, दोघींनाच ठाऊक.

त्या शब्दावर गावानं हात पुढे केले. मी आणि ती उन्हातान्हात घराघरांत फिरलो. ओटीवर बसवायचे, सरबत द्यायचे, बायका लाजत बाही वर करायच्या. आणि सगळं झाल्यावर काय व्हावं? लिहून मागायला एक माणूस आला नाही. एकही! लविना रविवारी चर्चबाहेर उभी राहून आठवण करायची, "या हं, विचारायला." लोक म्हणायचे, "हो हो, येतो." मला तेव्हा वाटलं, घाबरतात. नंतर कळलं की घाबरत वगैरे कोणी नव्हतं. सगळे निर्धास्त होते. रक्त दिलं म्हणजे तपासणी झाली, आणि लविना आपलीच पोर, काही वाईट असतं तर ती बोलल्याशिवाय राहिली असती का, असं प्रत्येकानं आपापल्या घरी बसून ठरवून टाकलं होतं. तिनं न बोलण्याचा शब्द दिला होता, आणि गावानं तिचं न बोलणं म्हणजेच रिपोर्ट चांगला असं धरलं.

सातवं वर्ष सरत आलं. निबंध एकदाचा स्वीकारला गेला. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ग्रेसीबाई टोपलीजवळ बसून मला विचारायच्या, "ताई, त्या दिवशी घरच्यांना आत बसू देतात का हो? तोंडी असते तेव्हा?" मी म्हटलं, "देतात. नवी साडी घ्या." आणि बाईंनी घेतली पण. मला आणून दाखवली, पिस्ता रंगाची.

ह्यांच्यात लग्नाआधी चर्चमध्ये वधू-वरांची नावं पुकारतात. लागोपाठ तीन रविवार. फादर मोठ्यानं वाचतात, अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा, आणि सांगतात की या लग्नाला काही अडथळा असल्याचं कोणाला माहीत असेल तर त्यानं ते कळवणं त्याचं कर्तव्य आहे. नाताळाआधीच्या आगमन काळाच्या पहिल्या रविवारी नावं पुकारली गेली ती जेनिफर आणि रॉबर्टची. लग्न नाताळ उरकल्यावर लगेच. जेनिफर लविनाच्या शेजारची, बालवाडीपासूनची मैत्रीण, वसईला एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला. रॉबर्ट भुईगावचा. दोघांनीही रक्त दिलेलं. दोघांचेही नंबर लविनाला पाठ होते.

सोमवारी ती माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. मी विचारलं, "काय गं, ताप आहे का?" ती म्हणाली, "ताई, मला एका जोडप्याला परत भेटायची परवानगी मागायचीय समितीकडे. आत्ताच मेल केलाय." कोणतं जोडपं, ते मी विचारलं नाही. पण बारा वर्षांच्या पोरीलाही कळलं असतं. दोन दिवसांनी उत्तर आलं. पुढची बैठक जानेवारीच्या अखेरीस, तेव्हा विषय घेऊ. मी म्हटलं, "अगं, लग्न नाताळानंतर आहे!" ती म्हणाली, "मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही, ताई. तुम्हीही घेऊ नका." मॅडमना फोन केला तर त्यांनी तेच सांगितलं. नियम मोडू नकोस, लविना, इतकं जवळ आलंय सगळं.

त्याच आठवड्यात ती जेनिफरला काहीतरी निमित्त काढून माझ्या सेंटरवर घेऊन आली. "लग्नाआधी ही एक तपासणी सगळ्यांनीच करून घ्यावी, जेनी. रॉबर्टलाही आण. ताई लगेच करतील." मीही लावून धरलं, "पाच मिनिटांचं काम आहे, बस इथं." जेनिफर हसायलाच लागली. तिला गाऊनच्या फिटिंगला जायचं होतं. "अगं, आमचं रक्त तुझ्याकडेच पडलंय ना तीन वर्षं! काही असतं तर तू बोलली नसतीस? आता परत कशाला टोचून घेऊ?" लविना म्हणाली, "तरी पण कर ना. किंवा मला लिहून दे, तुझा रिपोर्ट मी देते." जेनिफरनं तिच्या गालाला चिमटा काढला. "डॉक्टरीणबाई, तुमचं ते पुस्तक संपवा आधी," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

मला असा संताप आला! दोघींचाही. मी लविनाला म्हटलं, "बोलून टाक. मागून धाव आणि बोलून टाक." ती खुर्चीवर बसून राहिली. "ताई, तीनशे जणांनी माझ्या शब्दावर हात पुढे केलाय. आज एकीचं सांगितलं तर उद्या कुठल्या तोंडानं दुसऱ्या गावात जाऊ? आणि मी गेले नाही तरी माझ्यानंतर कोण जाणार? दार कायमचं बंद होईल." मी म्हटलं, "आणि पोर जन्माला आलं म्हणजे?" यावर ती ढसाढसा रडली. दोन पेशंट बाहेर बसले होते, मी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं.

ग्रेसीबाईंना कोणी काही सांगितलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण ज्या बाईनं तेरा वर्षं एका पोराच्या चेहऱ्यावरून त्याचं रक्त उतरलंय का ते ओळखलं, तिला पोरीचा चेहरा वाचता येत नाही होय? दुसऱ्या रविवारी नावं पुकारली तेव्हा लविना मान खाली घालून बसली होती. घरी येऊन जेवली नाही. आई म्हणाली, "दोघंपन?" लविना उठून आतल्या खोलीत गेली. आईनं परत विचारलं नाही. सोमवारी सकाळी माझी पायरी रिकामी होती. बाई थेट फादरकडे गेल्या होत्या. "फादर, तुमी इचारलं होतं ना कोनाला अडथळा माहीत आहे का? मला माहीत आहे."

आता फादर बिचारे भले माणूस. रक्ताचा दोष हा काही चर्चच्या नियमात बसणारा अडथळा नव्हे, हे त्यांनी बाईंना समजावलं. तरी बाई हलेनात. शेवटी फादरनी दोन्ही घरच्यांना बोलावून घेतलं, म्हणाले, एकदा बसून बोला. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण तिसऱ्या रविवारी नावं पुकारली गेली नाहीत आणि चर्चबाहेर पडेपर्यंत सगळ्या गावाला कळलं की जेनिफरच्या लग्नात काहीतरी आहे.

त्याच दुपारी फादरच्या बंगल्यात सगळे बसले. जेनिफर आणि तिचे वडील, रॉबर्ट आणि त्याची आई बेटीबाई, ग्रेसीबाई, लविना, आणि एका कोपऱ्यात मी. लविनानं मला हट्टानं नेलं होतं. जेनिफरचे डोळे सुजले होते. तिनं कोणाकडे न बघता लविनाला विचारलं, "माझ्या रक्तात काय आहे?"

लविना म्हणाली, "लिहून दे, जेनी. तुझं तुला सांगायची मला परवानगी आहे."

फादरनी कागद दिला. जेनिफरनं लिहिलं, सही केली. मग लविनानं अगदी हळू आणि नीट सांगितलं. तू वाहक आहेस. तुला काही आजार नाही, कधी होणारही नाही. फक्त नवरा वाहक नाही ना, एवढं बघायचं.

तिचं वाक्य पुरतं संपलं नाही तोच बेटीबाई उठल्या. "म्हंजे हिच्यात खोट आहे! आनि आमाला कोनी सांगितलं नाय! फादर, आमी फसलो असतो की हो! असली नासकी मुलगी आमच्या घरात?" जेनिफरचे वडील हात जोडायला लागले. चांगला धिप्पाड माणूस, शेतावर काम करणारा, त्या बाईपुढे हात जोडून उभा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लविना रॉबर्टकडे वळली. "रॉबर्ट, तुला तुझं विचारायचंय का? कागद इथंच आहे."

रॉबर्टनं आईकडे बघितलं. बेटीबाई म्हणाल्या, "तो कायपन लिहिनार नाय. आमच्या सात पिढ्यांत असलं काय नाय."

"रॉबर्ट, मी तुला विचारतेय."

तो शेंदाड बूट न्याहाळत बसला. जेनिफर खुर्चीत आक्रसून गेली होती. तिच्या वडलांनी तिला उठवलं आणि दोघं दाराकडे निघाले. मागून बेटीबाईंची टकळी चालूच होती, खराब रक्त, खानदान, नशीब वेळेवर कळलं, आता ह्या मुलीला कोण घेतो ते बघतेच.

लविना उभी राहिली. मला वाटतं, तिला तेव्हा सगळं स्पष्ट दिसत होतं. सात वर्षं, तीनशे हात, हॉलमधला शब्द, सगळं. कारण ती चिडून बोलली नाही. रिपोर्ट वाचून दाखवतात तसं बोलली.

"बेटी आंटी, रॉबर्टचंही तेच आहे."

बास. एवढं एकच वाक्य. जेनिफर दारात थांबली. रॉबर्टनं पहिल्यांदा मान वर केली. ग्रेसीबाईंनी मात्र तोंडावर पदर घेतला, कारण आपल्या मुलीच्या हातून काय गेलं ते त्या खोलीत लविनाशिवाय त्यांना आणि मला दोघींनाच कळलं होतं.

बेटीबाईंच्या भाच्यानं तक्रार लिहिली आणि मुंबईला नेऊन दिली. आता गंमत बघा. जेनिफरला वाचवायला ज्या समितीला जानेवारीच्या अखेरीशिवाय सवड नव्हती, तीच समिती ही तक्रार आल्यावर आठवड्याच्या आत बसली. खास बैठक! मॅडमनी लविनाला आधी समजावलं होतं. म्हण की तू बोललीच नाहीस, लोकांनी अंदाज केला. तुझ्याविरुद्ध लेखी काही नाही. लविनाला विचारलं गेलं, तुम्ही एका सहभागी व्यक्तीचा निकाल त्याच्या संमतीशिवाय इतरांपुढे उघड केलात का? ती म्हणाली, हो.

रक्त देणाऱ्याला कधीही, कारण न सांगता माघार घेता येते, हाही नियमच. गावातून एकेक घर माघार घ्यायला लागलं. ज्या ओट्यांवर आम्ही सरबत प्यायलो होतो, तिथून लोक उठून "आमचं रक्त परत करा" सांगायला गेले. नमुने कमी पडले, निबंध मागे घ्यावा लागला, समितीनं उरलेलं कामही रद्द ठरवलं. नव्यानं सुरू करायचं तर मुदत संपलेली. सगळ्या बाटल्या नष्ट करायच्या आणि ते तिनंच करायचं होतं. ती ते करून आली तेव्हा तिच्या हाताला स्पिरिटचा वास येत होता. मी समितीला शिव्यांची लाखोली वाहिली. लविना म्हणाली, "ताई, ते चुकलेले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं." मला अजून हे पटत नाही. पण ती तसं म्हणाली, म्हणून सांगते.

घरी मायलेकींचं बोलणं संपलं. म्हणजे भांडण झालं नाही, झालं असतं तर बरं होतं. लविना एकदाच म्हणाली, "मम्मी, तू गेली नसतीस तर मी काहीतरी मार्ग काढला असता." ग्रेसीबाई म्हणाल्या, "मी परत जाईन. परत तसं असलं तर परत जाईन." त्यानंतर कामापुरतं. जेवण वाढलंय, गॅस संपलाय, असं. गासच्या बायका त्यांच्याकडून भाजी घेईनाशा झाल्या, बाई विरारला बाजारात बसायला लागल्या. पिस्ता साडी कपाटातच असेल, मी विचारलं नाही. लविना माझ्या सेंटरवर सुया टोचायला आली. कॉलेजात शिकवायचं तर तीच पदवी हवी. एवढी शिकलेली मुलगी माझ्याकडे बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावते हे बघून मला रोज कसंसंच व्हायचं. पण तिला दुसरीकडे कोण बोलावत होतं?

वर्षभरानं जेनिफर आणि रॉबर्टनं लग्न केलं. हो, केलंच. त्या शेंदाडाला शेवटी कणा फुटला म्हणा, किंवा त्याचंही गावभर झाल्यावर दुसरी मुलगी मिळेना म्हणा. बेटीबाईंनी नाक मुरडत होकार दिला. फादरनी दोघांना नीट बसवून धोका समजावला आणि मग लग्न लावलं. लविनाला बोलावणं नव्हतं.

आणि गेल्या महिन्यात, एका सकाळी, जेनिफर माझ्या सेंटरवर आली. गरोदर होती, नेहमीची तपासणी लिहून दिली होती. तिला ठाऊक नसावं लविना इथं असते ते, कारण पडदा सरकवून आत गेली आणि तशीच उभी राहिली. लविनाच्या हातात पट्टा होता. मी बाहेर काउंटरवर, पण मधे नुसता पडदा. सगळं ऐकू येत होतं.

"बस," लविना म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बाळाची टेस्ट केलीस? वेळेत?"

"केली. मुंबईला जाऊन."

"मग?"

जेनिफर खुर्चीत बसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दोन्हीकडून आलंय."

जेनिफरच पुढे बोलली. तिचा आवाज चढला नव्हता, हे फार वाईट होतं. "डॉक्टर म्हणतात, पाडायला अजून वेळ आहे. रॉबर्ट म्हणतो, तू ठरव. फादर म्हणतात, प्रार्थना कर. मला पाडायचं नाहीये, लविना. माझ्याच्यानं होणार नाही. पण बाकीच्या बायका पोटावर हात ठेवून हसतात ना, तसं मला एकदाही हसता आलेलं नाही. तू त्या दिवशी सांगितलंस ते बरं केलंस का वाईट, मला कळत नाही. रोज वेगळं वाटतं."

"जेनी, मी—"

"तू नको काही सांगूस. तुला काय माहीत आहे ते मला माहीत आहे. ग्रेसी आंटीला पाठव माझ्याकडे. मला तिच्याशी बोलायचंय."

मग सुईचं कव्हर काढल्याचा आवाज आला, मग "मूठ आवळ," मग "सोड." जेनिफर कापूस दाबत बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरली. मी आत गेले. लविनानं बाटलीवर नाव लिहिलं होतं, अगदी नीट, आणि ती भिंतीकडे तोंड करून फोन लावत होती. आईला तिनं आपणहून फोन केल्याचं त्या घटनेनंतर मी पहिल्यांदाच बघत होते.

"मम्मी," ती म्हणाली, "जेनिफरनं बोलावलंय तुला."

पलीकडे विरारच्या बाजाराचा गलका होता. ग्रेसीबाईंनी का ते विचारलं नाही. कोणाला काय झालं तेही विचारलं नाही. भाजी बाजूला सारल्यासारखा आवाज आला आणि मग बाईंचा आवाज, मला उभ्या जागी ऐकू आला इतका स्पष्ट.

"कितवा महिना चाललाय तिला?"

"चौथा," लविना म्हणाली, आणि फोन तसाच कानाला धरून खाली फरशीवर बसली.